झडती बेकायदा होती, मग शिक्षा कशी झाली?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमली पदार्थांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली की मथळा ठरलेला असतो: 'तांत्रिक मुद्द्यावर आरोपी निर्दोष'. उलट, शिक्षा झालेल्याचे नातेवाईक विचारतात की झडतीच बेकायदा होती, तर शिक्षा झाली कशी? पहिल्या समजामुळे वाचकांचा न्यायालयांवरचा विश्वास उडतो. दुसऱ्यामुळे अपिलाचा मेमो, म्हणजे अपिलाची कारणे मांडणारा अर्ज, भलत्याच मुद्द्यांनी भरतो आणि खरा मुद्दा तळाशी जातो. म्हणून झडतीला अपिलात आव्हान कसे दिले जाते, ते कुठे टिकते आणि कुठे कोसळते, हे जरा तपशिलाने लिहीत आहे.

कडू भाग आधी. आपल्याकडे झडती बेकायदा ठरली, एवढ्यावर सापडलेली वस्तू पुराव्यातून बाद होत नाही. 'राधाकिशन' निकालात सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच सांगितले की नियम मोडून झडती झाली असेल तर त्या वेळी तिला विरोध करता येतो आणि जप्तीचा पुरावा न्यायालय अधिक काळजीने तपासू शकते, पण जप्ती तेवढ्याने रद्द होत नाही. आयकर छाप्यांसंबंधीच्या 'पूरणमल' प्रकरणात १९७३ साली पाच न्यायमूर्तींनी हाच विचार पक्का केला: पुरावा संबद्ध असेल आणि कायद्याने तो स्पष्टपणे किंवा ओघानेच वर्ज्य केला नसेल, तर तो वाचता येतो. विधी आयोगाने १९८३ च्या ९४ व्या अहवालात सुचवले होते की गैरमार्गाने मिळवलेला पुरावा नाकारण्याचा विवेकाधिकार न्यायाधीशाला द्यावा. ती शिफारस कायद्यात आली नाही. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तिला जागा मिळाली नाही, आणि ही मोठी संधी वाया गेली असे माझे स्पष्ट मत आहे. २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. त्यानंतरही झडतीच्या कायद्यात असा नियम नसणे पटत नाही. पण अपील आजच्या कायद्यावर चालते.

त्यामुळे अपिलात 'झडती बेकायदा' एवढे म्हणणे पुरत नाही. कोणते कलम मोडले, त्या कलमाचे पालन न झाल्याचा परिणाम न्यायालयांनी काय ठरवला आहे, आणि त्या जप्तीखेरीज आरोपीविरुद्ध दुसरे काय आहे, ही तीन उत्तरे एकत्र द्यावी लागतात. तिसऱ्याचे उत्तर 'काहीच नाही' असे असेल तर आव्हानाला धार येते. खुनाच्या खटल्यात डोळ्यांदेखत पाहणारे साक्षीदार असतील, तर घरझडतीच्या पंचनाम्यातल्या चुकीने फारसे हाती लागत नाही.

अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यात मात्र पारडे बदलते. गांजा २० किलोपेक्षा, चरस १ किलोपेक्षा, हेरॉइन २५० ग्रॅमपेक्षा किंवा मेफेड्रोन म्हणजे एमडी ५० ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ते व्यावसायिक प्रमाण, आणि किमान शिक्षा दहा वर्षे. कलम ३७ मुळे जामीन अवघड. ताबा शाबित झाला की कलम ३५ आणि ५४ खालची गृहीतके आरोपीविरुद्ध: माल जाणीवपूर्वक बाळगला असे धरले जाते. म्हणजे थोड्या वेळाच्या झडतीवर माणसाची दहा-वीस वर्षे ठरतात, आणि ती झडती घेणारेच बहुधा तिचे मुख्य साक्षीदार असतात. शिक्षा जितकी कडक तितके संरक्षणाच्या तरतुदींचे पालन काटेकोर हवे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने म्हणूनच घेतली. कलम ५० खालचा हक्क (राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा) सांगितला नाही तर अंगझडतीतली जप्ती संशयास्पद ठरते आणि केवळ तिच्यावर शिक्षा उभी राहू शकत नाही, असे १९९९ च्या 'बलदेवसिंग' निकालात पाच न्यायमूर्तींचे घटनापीठ म्हणाले. 'साधारणपणे पालन झाले' हा बचाव २०१० च्या 'विजयसिंह जाडेजा' निकालात दुसऱ्या घटनापीठाने फेटाळला. याला तांत्रिक मुद्दा म्हणणे मला मान्य नाही. दोन घटनापीठांनी शिक्षेची पूर्वअट ठरवलेली ही गोष्ट आहे.

कलम ५० चे पालन फसते कुठे, ते पाहा. संशयिताला सांगायचे असते ते हे: जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा तुला हक्क आहे. छापील नोटिशीत पुष्कळदा एवढेच असते: 'तुम्हाला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती द्यायची आहे काय?' इच्छा विचारली, पण हक्क आहे हे सांगितलेच नाही. दुसरी चूक म्हणजे तिसरा पर्याय देणे: 'की छापा पथकातील अधिकाऱ्यासमोर चालेल?' कायद्यात असा पर्यायच नाही. २०१४ च्या 'परमानंद' निकालात हे घडले होते. शिवाय दोन संशयितांना एकत्रच हक्क सांगितला होता आणि एकाने दोघांच्या वतीने सही केली होती. न्यायालयाने स्पष्ट केले की प्रत्येकाला हक्क वेगळा सांगितला पाहिजे. तिसरी चूक वेळेची असते. नोटिशीवरची वेळ आणि पंचनाम्यात झडती सुरू झाल्याची वेळ एकच, किंवा नोटीस नंतरची. चौथी भाषेची: संशयिताला न वाचता येणारी नोटीस, आणि ती समजावून सांगितली असे कोणाच्याच साक्षीत नाही. हक्क लेखीच सांगावा असे बंधन नाही, पण तोंडी सांगितला असेल तर काय शब्दांत सांगितला हे साक्षीत यावे लागते. संशयित स्त्री असेल तर अंगझडती स्त्रीनेच घ्यायची, हेही याच कलमात आहे.

आणि इथेच सर्वांत जास्त अपिले वाट चुकतात. कलम ५० फक्त अंगझडतीला लागू आहे. माल हातातल्या पिशवीत, पाठीवरच्या सॅकमध्ये किंवा गाडीच्या डिकीत मिळाला असेल तर ते कलम लागत नाही, हे २००५ च्या 'पवनकुमार' निकालापासून ठरलेले आहे. पिशवीबरोबर अंगझडतीही घेतली म्हणून पिशवीतल्या मालालाही कलम ५० लागू करता येते का, हा वाद मध्यंतरी चालला. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'रंजनकुमार चढ्ढा' निकालाने तो आरोपीच्या विरोधात मिटवला. तेव्हा पिशवीतल्या गांजाच्या अपिलात कलम ५० पहिल्या क्रमांकावर लिहिणे म्हणजे न्यायालयाचा धीर पहिल्याच पानावर संपवणे.

पिशवीच्या, घराच्या आणि खासगी गाडीच्या प्रकरणात कलम ४२ उघडावे. गुप्त बातमी मिळाली की ती अधिकाऱ्याने लिहून घ्यायची आणि तिची प्रत ७२ तासांत लगतच्या वरिष्ठाकडे पाठवायची. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी इमारतीत, वाहनात किंवा बंदिस्त जागेत वॉरंटशिवाय शिरायचे तर वॉरंट मिळवण्यात पुरावा नाहीसा होईल किंवा आरोपी पळेल असे का वाटले, याची कारणेही लिहायची. २००९ च्या 'कर्नैलसिंग' निकालातल्या घटनापीठाने सीमा आखून दिली: उशीर झाला आणि त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण दिले तर चालेल, अजिबात पालन नसेल तर चालणार नाही. म्हणून मेमोत 'कलम ४२ चा भंग' असे मोघम लिहू नये. बातमीची नोंद मुळात आहे का, असेल तर तिची निशाणी (न्यायालयात कागदाला दिलेला क्रमांक) कोणती, वरिष्ठाकडे गेल्याचा आवक क्रमांक आणि तारीख आहे का, तो वरिष्ठ साक्षीला आला का, हे क्रमाने लिहावे. सरकार पक्षाचे उत्तर ठरलेले असते: ही सार्वजनिक जागा होती, म्हणून कलम ४३ लागते, ४२ नाही. रस्त्यावर उभी असलेली खासगी गाडी ही 'सार्वजनिक जागा' होत नाही, हे २०२१ च्या 'बूटासिंग' निकालात आले आहे आणि ते सोबत जोडावे. झडती अधिकार दिलेल्या राजपत्रित अधिकाऱ्याने स्वतः घेतली असेल तर कलम ४२ चा मुद्दा टिकत नाही. तो आधीच तपासून घ्यावा, नाहीतर युक्तिवादाच्या दिवशी तोंडघशी पडायची वेळ येते.

नमुन्यांच्या बाबतीत कायदा अलीकडे दोनदा हलला आहे. कलम ५२अ प्रमाणे मालाची यादी आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर व्हावेत, हे २०१६ च्या 'मोहनलाल' निकालाने ठासून सांगितले, आणि २०२३ मध्ये जागेवरच नमुने काढल्याच्या कारणावरून शिक्षा रद्दही झाल्या. पण जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ५२अ चे पालन नाही एवढ्याच कारणाने खटला कोसळत नाही. बाकी पुराव्यातून जप्ती विश्वासार्ह ठरत असेल तर शिक्षा टिकू शकते. त्यामुळे आता ५२अ एकट्याने मांडू नये. त्याला मालाच्या साखळीची जोड हवी: जप्तीचे वजन, मुद्देमाल रजिस्टरमधले वजन आणि दंडाधिकाऱ्यासमोरचे वजन जुळते का, सीलचा ठसा पंचनाम्यावर आहे का, सील वापरल्यावर कोणाकडे राहिले, रासायनिक विश्लेषकाकडे नमुना कोणत्या तारखेला, कोणाच्या हाती गेला आणि तोवर कुठे होता, अहवालात 'सील शाबूत, नमुना सीलशी जुळणारे' असे आहे का. गांजाच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट डोळ्याआड होते. कायद्यातली गांजाची व्याख्या फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे एवढीच आहे. शेंडे सोबत नसतील तर पाने आणि बिया तिच्यात येत नाहीत. एकवीस-बावीस किलोच्या जप्तीत पंचनाम्यात 'पाने, काड्या, बिया' असे वर्णन असेल आणि वजन सरसकट केलेले असेल, तर व्यावसायिक प्रमाण शाबित झाले का, हा स्वतंत्र मुद्दा उभा राहतो. निर्दोषत्व मिळाले नाही तरी किमान दहा वर्षांची अट त्याने हटू शकते.

एक मुद्दा मात्र मेमोतून काढूनच टाकावा: फिर्यादी आणि तपास अधिकारी एकच होता म्हणून खटला बाद. २०१८ च्या निकालाने तो दिला होता. ऑगस्ट २०२० मध्ये 'मुकेशसिंग' प्रकरणात घटनापीठाने तो निकाल उलटवला. जुन्या मेमोची नक्कल करण्याच्या सवयीमुळे तो मुद्दा अजून छापला जातो. आता पूर्वग्रह प्रत्यक्ष दिसत असेल तरच त्याला अर्थ आहे.

एनडीपीएसबाहेरच्या झडत्यांत, म्हणजे शस्त्र, चोरीचा माल, दारू यांत, कसोटी विश्वासार्हतेची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे १०० आणि १६५ आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १०३ आणि १८५ झाली आहेत. त्या परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच, त्यांच्यासमोर यादी, घरमालकाला हजर राहण्याची मुभा, यादीची प्रत, आणि वॉरंटशिवाय झडती असेल तर कारणे आधी लिहून ठेवणे, हा गाभा तोच आहे. त्या नोंदीची प्रत दंडाधिकाऱ्याकडे आता ४८ तासांच्या आत जायला हवी. पंच फितूर झाला एवढ्याने जप्ती कोसळत नाही. पोलिसांची साक्ष विश्वसनीय असेल तर ती पुरते. मात्र पंच दुसऱ्या गावचा, तोच पंच त्याच ठाण्याच्या इतर गुन्ह्यांतही, आणि जवळ वस्ती असताना स्थानिक माणूस शोधलाच नाही, हे उलटतपासात आले असेल तर त्याचे वजन पडते. निवेदनावरून वस्तू काढून दिल्याच्या प्रकरणात तपास अधिकाऱ्याने आरोपीचे नेमके शब्द साक्षीत सांगितले का, हे पाहावे. नुसता 'पंचनाम्यावर माझी सही आहे' म्हटल्याने मजकूर शाबित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये 'सुब्रमण्य' निकालात बजावले आहे.

आता सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत फळ देणारे काम. रेकॉर्ड हातात आल्यावर निकालपत्र बाजूला ठेवावे आणि वेळांचा तक्ता करावा. ठाणे दैनंदिनीत बातमी मिळाल्याची आणि पथक निघाल्याची वेळ, सरकारी गाडीच्या लॉगबुकातली वेळ आणि किलोमीटर, कलम ५० ची नोटीस, पंचनामा सुरू आणि बंद, फिर्याद, गुन्हा दाखल, अटक, मुद्देमाल जमा, कलम ५७ खालचा ४८ तासांतला अहवाल, नमुना रवाना. प्रत्येक नोंदीपुढे निशाणी क्रमांक आणि ती शाबित करणारा साक्षीदार. समजा बातमी दुपारी दोनला, ठिकाण ठाण्यापासून तीस किलोमीटर, आणि पंचनामा दोन वाजून दहा मिनिटांनी सुरू, तर बाकी कशाची गरज नाही. जागेवर लिहिलेल्या पंचनाम्यावर गुन्हा क्रमांक त्याच शाईत, त्याच ओळीत असेल आणि गुन्हा मात्र तीन तासांनी दाखल झाला असेल, तर तो क्रमांक आधी आला कुठून? या प्रश्नाचे उत्तर एखादा तपास अधिकारी प्रामाणिकपणे देऊही शकतो (क्रमांक नंतर भरला), पण ते उत्तर साक्षीत हवे.

आणि हाच अपिलाचा कळीचा भाग. अपील न्यायालय रेकॉर्डवर असलेल्यावर चालते. झडतीच्या अधिकाऱ्याला उलटतपासात वेळ, नोटीस, सील यांबद्दल काहीच विचारले नसेल तर सरकारी वकील एका वाक्यात संपवतात: संधी होती, विचारले नाही. त्यात जुन्या संहितेचे कलम ४६५, नव्यातले ५११, आडवे येते. कार्यवाहीतल्या चुकीमुळे न्यायाला बाध आला असेल तरच निकाल उलटतो, आणि आक्षेप आधी घेता आला असता का हेही पाहिले जाते. कायद्याच्या अनिवार्य तरतुदीचा पूर्ण अभाव कागदावरच दिसत असेल तर तो पहिल्यांदा अपिलातही मांडता येतो. वस्तुस्थितीचा वाद मात्र तिथे नव्याने उभा करता येत नाही. रेकॉर्डबाहेरचा कागद, उदाहरणार्थ खटल्यात दाखलच न झालेली ठाणे दैनंदिनी, आणायचा असेल तर अतिरिक्त पुराव्याचा अर्ज करावा लागतो: जुने कलम ३९१, नवे ४३२. तो क्वचितच मंजूर होतो, म्हणून कागद आधी का आणता आला नाही आणि त्याने निकालात काय फरक पडेल, दोन्ही शपथपत्रात हवे.

मेमोतला प्रत्येक आधार असा लिहावा की न्यायमूर्तींना पेपरबुकाचे (खटल्याच्या कागदांच्या संचाचे) पान लगेच उघडता यावे: तरतूद, निशाणी, साक्षीदार क्रमांक व परिच्छेद, खालच्या न्यायालयाने त्यावर काय म्हटले किंवा काय म्हटलेच नाही, आणि हा पुरावा वगळला तर काय उरते. चाळीस मोघम आधारांपेक्षा असे सहा पुरे. आरोपीच्या जबाबात, म्हणजे जुन्या ३१३ आणि नव्या ३५१ खाली, जप्तीची परिस्थिती त्याला नीट विचारली होती का, तेही पाहावे. मुदत सत्र किंवा विशेष न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात ६० दिवस, दंडाधिकाऱ्याच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवस. निकालाची प्रत मिळायला लागलेला वेळ वजा होतो आणि उशिराच्या माफीचा अर्ज करता येतो. अपिलाबरोबरच शिक्षा स्थगितीचा अर्ज द्यावा, आणि झडतीतला सर्वांत ठळक दोष त्याच अर्जात यावा. कैदेतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि अपील तुरुंग अधीक्षकांमार्फतही पाठवता येते. हे पुष्कळ कुटुंबांना कोणी सांगतच नाही.

१ जुलै २०२४ नंतर सुरू झालेल्या तपासांत एक नवी गोष्ट आली आहे. नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती, यादी करणे आणि तिच्यावर सह्या होणे, या सगळ्याचे दृक्श्राव्य चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. त्याआधीच सुरू असलेले तपास जुन्या संहितेप्रमाणेच चालतात, ही गफलत टाळावी. चित्रीकरण केले नाही तर परिणाम काय, हे कलमात लिहिलेले नाही. म्हणून आत्तापासून खटल्यात चित्रीकरणाची पूर्ण प्रत मागावी, मिळाली नाही तर अर्ज करून आदेश रेकॉर्डवर आणावा, आणि मिळाली तर तीन ठिकाणी पाहावे: चित्रीकरण माल 'सापडल्यानंतर' सुरू होते का, मध्ये तुटते का, आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र दोन्ही भागांत, हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संकेतांक), भरलेले आहे का. जप्तीच्या क्षणाआधी सुरू न झालेले चित्रीकरण जप्ती शाबित करत नाही.

पोलिसांच्या बाजूने बघितले तरी या सगळ्याला लागणारा वेळ फार नाही. प्रत्येक संशयिताला वेगळी, त्याच्या भाषेतली आणि 'हक्क' हा शब्द असलेली नोटीस, बातमीची नोंद व तिची वरिष्ठाकडची पोच, सीलचा ठसा, आणि दार उघडण्यापूर्वी सुरू केलेला कॅमेरा. खरा माल खऱ्या आरोपीकडे सापडला असेल तर यातल्या एकाही गोष्टीने खटल्याचे नुकसान होत नाही. आपल्या वार्ताहरांना एकच विनंती आहे: शिक्षा रद्द झाल्याची बातमी देताना कोणते कलम मोडले होते आणि ते कोणी मोडले, एवढे निकालपत्रातून वाचून छापावे.

आपला,
फौजदारी अपिले चालवणारा एक वकील